घरात माणसं किती

माझी भावजय रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते. चादरी मोठ्या, म्हणून दोघींनी मिळून घालायच्या. समोरची बाई दोन टोकं धरून चालत येते, हिच्या हातात देते आणि वाकून खालची घडी उचलते. दिवसभर कुणीतरी समोरून येत राहतं, बोलायची गरज पडत नाही. तिला तेच बरं वाटतं. घरी समोरून कुणी येत नाही.

माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि गेला. भावजय रडली, कामावर रुजू झाली, सगळं रीतसर केलं. पण तो वारला हे तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "यांना तिखट चालत नाही," असंच बोलायची. मीही टोकलं नाही. ज्याचं दुःख त्याला, बाकी देव बघतो.

यंदा त्यांच्या मुलीला, आमच्या ठकीला, परगावी नर्सिंगला जागा मिळाली. फी झेपणारी नव्हती. कमी उत्पन्नाच्या घरांना कॉलेजकडून मदत मिळते, त्याचा अर्ज भावजयीनं स्वतः भरला. उत्तर आलं, उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त आहे, मदत मिळणार नाही.

ठकीनं अर्जाची प्रत काढून पाहिली. घरातली माणसं, तीन. वडिलांचं उत्पन्न म्हणून गेल्या वर्षीचा सगळा पगार, जादा पाळ्यांसकट.

"वा, आई," ठकी म्हणाली, "बाबा होते तेव्हासुद्धा आपण एवढे श्रीमंत नव्हतो."

"मग खोटं लिहू? कमावलंच ना त्यांनी गेल्या वर्षी? अंगात ताप घेऊन जायचे. ते काहीच नाही?"

"आत्या, तूच सांग गं हिला."

फेरविचाराची मुदत संपत आली होती. आम्ही तिघी कॉलेजच्या कचेरीत गेलो.

खिडकीतली बाई सर्दीनं बेजार होती. नाक पुसत तिनं सगळं वाचलं. "मावशी, अर्ज भरला त्या दिवशी आईवडलांपैकी जे हयात, त्यांचंच उत्पन्न धरतात. हिचे वडील त्याआधीच वारले, म्हणजे त्यांचा रकाना रिकामा ठेवायचा. नुसता तुमचा पगार धरला तर मदत नक्की मिळेल. मृत्यूचा दाखला आणलाय ना? मग घरात आता कोण कोण आहे, ते तुमच्या हातानं लिहून द्या."

भावजयीनं पेन घेतलं आणि नुसती बसून राहिली.

"मी लिहू का?" मी विचारलं.

"नाही चालणार. आईच्याच हातचं लागतं."

"मग त्यांनी कमावलेलं कुठे जातं?" भावजयीनं विचारलं.

"कुठे जात नाही हो. इथे मोजत नाहीत, एवढंच."

मागे रांगेत एक गृहस्थ ताटकळले होते. "काय मावशी, महाकाव्य लिहिताय का?"

ठकी मागे वळली. "माझे बाबा वारलेत, काका. थोडं थांबा."

"असू दे, असू दे, पोरी," ते खाली बघत म्हणाले. "सावकाश होऊ दे."

भावजयीनं लिहायला घेतलं. माझे पती वारले. घरात मी आणि माझी मुलगी, अशी दोन माणसं. शाळेतल्यासारखं अक्षर, एकेक काना ठसठशीत. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. माझ्या भावाला त्या दिवशी मी दुसऱ्यांदा पोचवलं.

सही झाली, पण कागद तिनं लगेच सोडला नाही. "ही वसतिगृहात राहायला गेली, की घरात किती लिहायची?"

"तरी दोनच. शिक्षण चालू आहे तोवर दर वर्षी नवा अर्ज, आणि दर वर्षी दोन."

"आणि शिक्षण झालं की?"

"मग अर्जच नसतो, मावशी," बाई म्हणाली आणि शिक्का शोधायला लागली.

भावजयीनं मान हलवली आणि कागद खिडकीतून आत सरकवला.