उस्तादांचे पांढरे ठिपके

उस्तादांना चूक दाखवणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. फरक एवढाच, की भिंत उलटून बोलत नाही. घोड्याचं जीन करण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, हे ते इतक्यांदा सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी एकदा धरावाच.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकवलेल्या कातड्याच्या गुंडाळ्या, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं, आणि मधोमध ओंडक्यावर ठोकलेला लाकडी साचा. प्रत्येक जिनाचा सांगाडा या साच्यावर घडायचा. साचा वडिलांच्या हातचा. वडिलांनी तो त्यांच्या काळच्या शेलाट्या, अरुंद पाठीच्या घोड्यांसाठी केला होता. आताचे घोडे खाऊनपिऊन चांगले रुंद झाले होते. पण साच्याला रंधा लावायचा म्हणजे वडिलांच्या नावाला लावायचा. त्यापेक्षा घोड्यांनी पाठ सुधारावी, असं उस्तादांचं मत होतं.

व्हायचं तेच झालं. मान संपून पाठ सुरू होते तिथे दोन्ही बाजूंनी जीन रुतायचं. कातडी सोलवटायची, खपली धरायची, आणि खपली पडली की त्या जागी पांढरे केस उगवायचे. नाण्याएवढे दोन ठिपके, डावा आणि उजवा. गावाबाहेर घोडेस्वारी शिकवायची शाळा होती. तिथल्या बाराही घोड्यांवर उस्तादांची जिनं, आणि बाराहींच्या पाठीवर ठिपके.

शाळेचे मालक मेजर. कुठल्या फौजेत होते, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मिशा होत्या, तेवढ्यावर भागत होतं. एक दिवस त्यांनी विचारलं, "उस्ताद, हे ठिपके कसले हो?"

उस्तादांनी इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्यात समोरची तांबडी दिसली. या घोडीच्या कुशीवर आणि शेपटीच्या मुळाशी तांबड्या केसांत पांढरे केस मिसळलेले होते, कुणी पीठ भुरभुरवावं तसे. ते जन्मापासूनचे. उस्तादांना तेवढा आधार पुरला.

"रक्त आहे साहेब, रक्त. उंची जातीच्या जनावराला वयात आलं की पांढरं फुटतं. तांबडीला भरपूर फुटलंय, बाकीच्यांना बेतानं. हलक्या घोड्याला काही केल्या फुटायचं नाही."

मेजरांना हे ऐकायचंच होतं. आठवड्याभरात फाटकावर पाटी लागली, 'पांढऱ्या ठिपक्यांचे खानदानी घोडे'. बघायला मोटारी यायला लागल्या. शहाणीसुरती माणसं ठिपक्यांवर बोट फिरवून माना डोलवायची आणि यांची शिंगरं आम्हालाच द्या म्हणून सांगून जायची. खानदानी घोड्याला जीनही उस्तादांचंच हवं, म्हणून दुकानात रांग लागली. उस्तादांच्या बायकोनं एकदा पाय पुढे करून विचारलं, "अहो, तुम्ही शिवलेल्या चपलेनं माझ्या टाचेला घट्टा पडलाय. तोही खानदानी का?" उस्तादांना त्या दिवशी कमी ऐकू येत होतं.

त्यांची लेक त्याच शाळेत मुलांना घोड्यावर बसायला शिकवायची. तांबडीवर तिचा जीव. पण तांबडी जीन दिसलं की कान पाडायला लागली, मग चावायला, आणि एका रविवारी तिनं पाहुण्यांदेखत खुद्द मेजरांना चिखलात बसवलं. मेजरांनी निकाल दिला, घोडी माथेफिरू आहे. शुक्रवारी वीटभट्टीवाला येऊन तिला घेऊन जाणार होता.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. त्या संध्याकाळी लेक ताट पुढ्यात घेऊन नुसतीच बसली.

"बाबा, कुशीवरचं पांढरं जन्माचं आहे, त्याचा तिला काही त्रास नाही. पाठीवरचं जखमेचं आहे. मेजर डॉक्टरांचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच. तुमचं ऐकतील. सांगा त्यांना, जीन चुकतंय म्हणून."

"जीन चुकत नसतं," उस्ताद म्हणाले. "पाठ चुकते."

"भट्टीवर ती दोन महिने जगायची नाही, बाबा."

खरं सांगायचं तर जीन चुकतंय हे उस्तादांना काही आजच कळलं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी त्यांनी एका घोड्याच्या जिनाखाली हात घालून पाहिला होता. बोटं अडकून बसली, ओढून काढावी लागली. त्या दिवसापासून त्यांनी जिनाखाली हात घालणं सोडून दिलं होतं.

गुरुवारी दुपारी ते मेजरांच्या खोलीत जाऊन उभे राहिले. अर्धा तास हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग मान खाली घालून त्यांनी एका दमात सांगून टाकलं, की ठिपके रक्ताचे नाहीत, साच्याचे आहेत, आणि बाराही पाठी आपणच सोलल्यात.

मेजर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. उठून त्यांनी दार लावून घेतलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, उस्ताद. हे बाहेर गेलं तर माझी पाटी उतरेल आणि तुमचं दुकान बसेल. घोडी हवी ना तुमच्या पोरीला? घेऊन जा. भेट समजा. फक्त हे इथंच राहू दे."

उस्तादांनी शब्द दिला. तांबडीचा दोर हातात धरून ते भर रस्त्यानं घरी आले, तेव्हा त्यांची छाती कसलीतरी लढाई मारल्यासारखी फुगली होती. लेकीनं घोडीच्या गळ्याला मिठी मारली. उस्ताद कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

"दिली कशी मेजरांनी?" तिनं विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज आपोआप बारीक होत गेला.

"म्हणजे बाकीचे अकरा तसेच राहणार," ती म्हणाली.

"अगं, शब्द दिलाय मी."

"तुम्ही दिलाय. मी नाही दिला." तिनं दोर परत त्यांच्या हातात ठेवला. "इतके दिवस माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. आता सांगता येईल, जीन करणाऱ्यानं स्वतः कबूल केलंय. मी आधी शिंगरं मागणाऱ्यांच्या घरी जाते, मग मुलांच्या आईबापांकडे."

"नोकरी जाईल तुझी. आणि आपलं दुकान..."

"जाऊ दे," म्हणत तिनं चपला पायात सरकवल्या आणि ती निघाली.

तिला हाक मारून थांबवता आलं असतं. उस्तादांनी मारली नाही. त्यांना लाज वाटली. आणि लेक कोपऱ्यावर वळली तेव्हा आपल्याला सुटल्यासारखं वाटलं, याची त्याहून जास्त वाटली.