शेवटची पोळी लाडोची

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी दुपारच्या चहाचं आधण ठेवलं होतं. पल्लवी म्हणजे सुमतीताईंची भाची, त्यांच्या भावाची मुलगी. आयटी पार्कमध्ये नोकरी करते, चंडीगढलाच वाढली, त्यामुळे तिचं मराठी निम्म्या वाटेत हिंदीला जाऊन मिळतं. "काकू, आत्या गेली. सकाळी, झोपेतच… आप आओगे ना?" मी "येते गं" म्हटलं आणि गॅस बंद केला. पंचकुल्यातल्या आमच्या घरापासून चंडीगढमधलं ताईंचं घर गाडीने पंचवीस मिनिटांवर आहे. या पंचवीस मिनिटांच्या वाटेवर मी चार वर्षांत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. गणपतीला फोन, दिवाळीला फोन, की झालं. मागच्या थंडीत त्यांचाच फोन आला होता. आवाज खोल गेलेला. "निर्मला, ये ना एकदा. तुझ्या हातची पोळी खायचीय." मी म्हटलं, गुडघे दुखतात, धुकं फार आहे, थोडं ऊन पडू दे. ऊन पडलं, उन्हाळाही आला. मी गेले नाही. गुडघ्यांचं निमित्त होतं, खरं कारण त्या पोळीत होतं. आज ते सांगून टाकते. आता लपवण्याचाही कंटाळा आलाय.

सुमतीताई विद्यापीठात इतिहास शिकवत. मूळच्या वाईच्या, लग्न केलं नाही, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या. एका शीख ब्रिगेडिअरसाहेबांच्या घरात मागच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायच्या. शेजारच्या घरात आम्ही. मधे मेंदीचं कुंपण. माझे यजमान इस्पितळात सर्जन आणि मी त्याच इस्पितळात आहारतज्ज्ञ, म्हणजे दिवसभर लोकांना "हे खाऊ नका, ते खाऊ नका" सांगणारी बाई. ब्रिगेडिअरसाहेबांकडे एक कुत्री होती, क्लंबर स्पॅनियल. ही जात इंग्लंडातच दुर्मीळ, इकडे तर औषधालाही नाही. पांढरीशुभ्र, कानांवर फिकट लिंबाचा रंग, अंग लांब आणि बसकं, पाय आखूड, डोकं हे एवढं थोरलं. डोळ्यांच्या खालच्या पापण्या लोंबलेल्या, त्यामुळे चेहरा कायम असा, की हिला आठवडाभर कुणी जेवायला घातलेलं नाही. नाव लाडो. साहेब म्हणायचे, "ये भूखी नहीं है जी, ये एक्टिंग करती है."

चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात दिल्लीत त्यांच्या धाकट्या भावाचं दुकान जळलं. भाऊ वाचला, पण साहेबांचं मन काही वाचलं नाही. मुलगी कॅनडात होती, ती रोज फोन करून रडायची. शेवटी ते निघाले, "कुछ दिन के लिए" असं म्हणत. जाताना लाडोचा पट्टा ताईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "मैडम, ये अमानत है. लौटकर ले लूँगा." ताईंनी आयुष्यात मांजरसुद्धा पाळलेलं नव्हतं. पण अमानत म्हटल्यावर त्या काय नाही म्हणणार! त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयातून त्यांनी कुत्र्यांवरची दोन जाडजूड पुस्तकं आणली. इतिहासाच्या बाई, त्यांना आधी वंशावळ लागायची. मला म्हणाल्या, "यात लिहिलंय की फ्रान्समध्ये क्रांती झाली तेव्हा एका सरदाराने आपली सगळी कुत्री इंग्लंडातल्या मित्राकडे ठेवायला धाडली, आणि त्यांच्यापासून ही जात निघाली. पण फ्रान्समध्ये अशी कुत्री असल्याचा एक कागद सापडत नाही. कागद नाही म्हणजे गोष्ट." मग लाडोच्या कानामागे खाजवत म्हणाल्या, "गोष्ट खोटी असेल गं. पण घर सोडून जाताना माणसं कुत्री अशीच कुणाकडे तरी ठेवून जातात." पुढे म्हणे महायुद्धात ही जात जवळजवळ संपली होती, कारण माणसांनाच खायला नव्हतं. ते वाचून त्या लाडोकडे कितीतरी वेळ बघत बसल्या.

लाडोच्या जेवणाचा तक्ता मीच करून दिला. या जातीला तीन दुखणी ठरलेली. लोंबत्या पापण्यांत घाण अडकते म्हणून डोळे रोज कोमट पाण्याने पुसायचे, लांब कान आतून कोरडे ठेवायचे, आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, वजन. मागच्या पायांचे खुब्याचे सांधे जन्मतःच कच्चे असू शकतात, त्यावर चरबीचं ओझं पडलं की संपलंच. म्हणून दिवसातून दोनदा मोजून जेवण. उकडलेला खिमा, वाटीभर भात, दुधी नाहीतर गाजर, चमचाभर दही. तूप नाही, गूळ नाही, कांदा तर बिलकूल नाही, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची रोटी नाही. बरगड्या दिसता कामा नयेत, पण हात फिरवला की लागल्या पाहिजेत. ताई कट्टर शाकाहारी. अंड्यालाही कधी शिवल्या नव्हत्या. त्या बाईने मागच्या व्हरांड्यात वेगळी शेगडी मांडली, नाकाला कापराचा रुमाल बांधला आणि खिमा शिजवायला लागल्या! दर रविवारी लाडोला मार्केटातल्या आटा चक्कीवर नेऊन गव्हाच्या काट्यावर उभी करायच्या. चक्कीवाला लालाजी दर वेळी विचारायचा, "बहनजी, पीसना है कि तोलना है?" ताई हसायच्या, आणि काटा तीस किलोच्या आत आहे ना हे चष्मा वर करून दोनदा बघायच्या. मग घरी येऊन वहीत लिहायच्या.

दहशतवादाची ती वर्षं कशी होती ते आता मुलांना सांगायला गेलं तर ती मोबाइलमधून मानही वर काढत नाहीत. नाक्यानाक्यावर वाळूची पोती, बसमध्ये चढताना झडती, बाकाखाली कुणाचा डबा राहिला तरी सगळी बस रिकामी. संध्याकाळ पडायच्या आत दुकानांची शटरं खाली. कर्फ्यू लागला की दूध नाही, भाजी नाही. आणि कुठे काही झालं की इस्पितळात गाड्यांवर गाड्या यायच्या. आमचे हे सकाळी जायचे ते कधी परततील नेम नसायचा. मी संध्याकाळी कणीक भिजवून पोळ्या करायला घ्यायची आणि फोन वाजायचा. "आज जमणार नाही. तू जेवून घे." एवढंच. कधी मागे कुणाचं तरी ओरडणं ऐकू यायचं. मी फोन ठेवायची आणि त्यांचं वाढलेलं ताट बघत उभी राहायची. मूल नव्हतं तोवर, घरात दुसरं कोण होतं? आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बीजींनी मला आल्या आल्या शिकवलं होतं, पहिली रोटी गायीची, शेवटची कुत्र्याची. पंजाबात घरोघरी ही रीत आहे. एके दिवशी फोन ठेवला, शेवटची पोळी तव्यावरून काढली, हाताच्या सवयीने तूप लावलं, गुळाचा खडा ठेवला आणि मागच्या दाराने कुंपणाशी गेले. लाडो तिथेच बसली होती. तिने ज्या तोंडाने माझ्याकडे पाहिलं ना… एक्टिंग तर एक्टिंग! दोन घासांत पोळी गायब. माझ्या हातचं कुणीतरी जेवलं याचा मला इतका आनंद झाला की मी तिथेच कुंपणापाशी रडले.

मग ते रोजचंच झालं. ताई तेव्हा आतल्या खोलीत बातम्या लावून बसलेल्या असायच्या. रोज एक पोळी, कधी दोन. इस्पितळात मधुमेहाच्या रोग्यांना चमचाभर तुपासाठी फैलावर घेणारी मी, संध्याकाळी चोरासारखी कुंपणापलीकडे हात घालायची. एका पोळीने काय होतंय, असं स्वतःला सांगायची. हेच वाक्य रोगी म्हणायचे तेव्हा मी त्यांची खरडपट्टी काढायची. वर्ष गेलं, दोन गेली, चार गेली. साहेबांची पत्रं यायची, प्रत्येक पत्रात, 'अगली सर्दियों में आऊँगा.'

एका डिसेंबरात लाडोचे मागचे पाय गेले. म्हणजे एकदम नाही, आधी व्हरांड्याची पायरी चढेना, मग उठताना कण्हायला लागली. जनावरांचे डॉक्टर घरी आले, पाय वाकवून पाहिले, म्हणाले, या जातीत हे असतंच, पण वजन बत्तीसवर गेलंय, कमी करा. ते गेल्यावर ताईंनी तक्ता काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "निर्मला, आपण सगळं मोजूनच देतो. मग कुठे चुकतंय? जरा बघतेस?" मी समोर बसले होते. तोंड उघडायचं होतं फक्त. एक वाक्य. ताई, मी देते. पण जीभ काही केल्या उचलेना. मी पेन्सिल घेतली आणि लाडोचा वाटीभर भात अर्धी वाटी केला… माझी चूक झाकायला त्या मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढला! ताई नुसतं "बरं" म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी पोळी बंद केली. पण लाडोला कोण सांगणार? ती ठरल्या वेळी मागचे पाय ओढत कुंपणाशी यायची आणि माझ्या दाराकडे बघत बसायची. मी दार लावून घ्यायची. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. नऊ-दहा वर्षांची झाली होती, या जातीचं तेवढंच आयुष्य, असं डॉक्टर म्हणाले. सांध्यांनी किती नेली आणि पोळ्यांनी किती, हे आता कोण सांगणार. त्यानंतरच्या थंडीत ब्रिगेडिअरसाहेब खरोखरच आले. पगडी पांढरी, हातात काठी. मागच्या अंगणात लाडोला पुरलं होतं तिथे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मैडम, आपने बहुत सेवा की." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला वर बघवेना.

पुढे आम्ही पंचकुल्याला घर घेतलं, मुलगा झाला, संसाराचं निमित्त मिळालं. मी ताईंकडे जाणं कमी कमी करत गेले. त्यांनी एकदाही गाऱ्हाणं केलं नाही. लोकांना वाटायचं, लांब पडतं म्हणून निर्मला येत नाही. मला त्या घरातली ती व्हरांड्याची पायरी बघवत नव्हती, एवढंच. एवढंसं पाप माणसाला किती वर्षं पुरतं!

तेराव्यानंतर पल्लवीने मला ती वही दिली. "काकू, ये लाडोवाली डायरी. आत्याने सांगितलं होतं, निर्मलाला द्यायची. पक्का." निळ्या पुठ्ठ्याची, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. दर रविवारचं वजन, डोळ्यांची नोंद, कानांची नोंद, सगळं त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. मी पानं उलटत होते. पहिल्याच वर्षीच्या एका पानावर वजनाखाली लिहिलं होतं: 'अर्धा किलो वाढलं. निर्मला संध्याकाळी पोळी देते. बोलायचं नाही, तिच्या घरी ताट तसंच राहतं. आपण संध्याकाळचा भात कमी करावा.' आणि खरंच, पुढच्या पानांवर माझ्या तक्त्यातला संध्याकाळचा भात त्यांनी निम्मा केलेला. म्हणजे इतकी वर्षं ही बाई माझी पोळी तक्त्यात धरून चालली होती, आणि मी समजत होते की मी चोरी करतेय. फक्त दुसऱ्या पोळीचा हिशोब त्यांना लागला नसावा.

मग मी तो डिसेंबर शोधला. पान सापडलं. 'डॉक्टर येऊन गेले. निर्मलाने भात कमी केला. पोळीचं बोलली नाही. सांगेल.'

सांगेल! मला खरं तर ताईंचा राग आला. अहो, धरायचा होता की माझा हात त्याच दिवशी. चार शब्द बोलायचे, मी रडले असते, तुम्ही रागावला असता, आणि दुसऱ्या दिवशी आपण परत कुंपणापाशी गप्पा मारत उभ्या राहिलो असतो. तुम्ही वाट बघत बसलात आणि मी तोंड लपवत राहिले. पस्तीस वर्षं… मागच्या थंडीतला तो फोनही आता नीट कळतो. अजूनही त्या वाटच बघत होत्या.

आमचे हे जाऊनही आता सहा वर्षं झाली. मुलगा-सून बाहेरून जेवण मागवतात, मी माझ्यापुरत्या तीन पोळ्या करते. सवय अशी की शेवटची पोळी अजूनही बाजूला निघते. गल्लीतल्या भटक्या कुत्र्यासाठी, बिनतुपाची. काल वही ओट्यावर उघडी ठेवून पोळ्या केल्या. शेवटच्या पोळीवर किती वर्षांनी तूप लावलं, गूळ ठेवला. तो 'सांगेल' शब्द समोर होता. मी मोठ्याने म्हटलं, "ताई, मी देत होते. रोज एक. कधी कधी दोन."

बाहेरच्या खोलीतून सुनेने विचारलं, "मम्मीजी, किससे बात कर रहे हो?"