चौदाव्या सेकंदाची शेपटी

तुमच्या मोबाईलमध्ये अंधारातल्या पाण्याचा एकोणीस सेकंदांचा एक व्हिडिओ आहे का? बॅटरीचा उजेड लागतो, एक म्हातारा काठावर वाकतो, दोन्ही हातांनी पाण्यात काहीतरी सोडतो, उजेड विझतो. खाली लिहिलंय, ‘पाण्यात जिलेटीन सोडताना रंगेहाथ.’ असेल, तर तो मी काढलाय. खालची ओळही माझीच. आणि ती खोटी आहे.

त्या माणसाचं नाव प्रभुदास. वय त्रेसष्ट. नेवासा तालुक्यात धरणाच्या फुगवट्याला लागून आमचं गाव, तिथलेच ते. बत्तीस वर्षं भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन फिटर होते. रिटायर होऊन गावी आले आणि चर्चच्या मागच्या गल्लीत लोकांचे फवारणीचे पंप दुरुस्त करायला लागले. पंप हातात घेतला की आधी कानाशी धरून हलवायचे, मग सांगायचे काय बिघडलंय ते. बोलणं कमी. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

भिंगारला असताना एका सुभेदारानं त्यांना खोट्या माशानं खरा मासा धरायला शिकवलं होतं. गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. स्टीलचा चमचा घ्यायचा, दांडी कापायची, दोन्ही टोकांना भोकं पाडायची, एकात तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, दुसऱ्यात तीन तोंडांचा गळ. काठीला झटका देऊन तो चमचा तीस-चाळीस हात लांब फेकायचा, थोडा बुडू द्यायचा आणि रीळ फिरवत काठाकडं ओढायचा. पाण्यात तो लंगडत येतो, जखमी मासळीसारखा. सुभेदार बदलून गेला तेव्हा स्वतःची काठी प्रभुदासकाकांना देऊन गेला. काकांच्या बायको दयाकाकू पाहुण्यांना सांगायच्या, “चमचे मोजून वाढते मी. एखादा कमी असला तर तो कुठल्या माशाच्या तोंडात गेला ते यांना विचारा.”

त्यांना हवा असायचा शिवडा. लांबट, बिनखवल्याचा, तोंडभर दातांचा मासा. दिवसा खोल पाण्यात पडून असतो, रात्री शिकारीला काठाशी येतो. म्हणून काका रात्री जायचे, आणि अंधारात उभे राहायचे, कारण उजेड पाण्यावर पडला की शिवडा पांगतो. बॅटरी लावायची ती फक्त मासा हातात असताना, तीही होईल तेवढी पाण्याकडं पाठ करून, तळहाताच्या आडोशानं. आणि एक नियम. कोपरापासून बोटांपर्यंत मासा भरला नाही तर तो परत पाण्यात. नुसता फेकायचा नाही. दोन्ही हातांत धरून पाण्याखाली ठेवायचा, त्याला दम येऊ द्यायचा, आणि तो स्वतः निघाला की हात उघडायचे.

हे सगळं मला नंतर कळलं. कळायला काय लागत होतं? चाळीस पावलं चालायचं आणि विचारायचं.

पण मी विचारणारा माणूस नव्हतो. आठवी नापास, कायदा शिकलो तो झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून, आणि साहेबाच्या टेबलापुढं कलमं तोंडपाठ म्हणून दाखवायचा मला माज होता. आमच्या पाण्यात जिलेटीनच्या कांड्यांचा स्फोट करून मासे मारणारी एक टोळी होती. एका दणक्यात मोठे-बारके सगळे मरतात. मोठे गोळा करायचे, बाकीचे तिथंच सडतात. दोन वर्षं मी अर्ज केले, माहिती मागवली, तहसीलसमोर बसलो. टोळीतला एकही सापडेना. लोक मला म्हणायला लागले होते, अमृतभाऊ, तुमचं जिलेटीन कागदावरच उडतं.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात एका रात्री मी बाभळीच्या आडोशाला दबा धरून बसलो होतो. समोर कुणीतरी उभं. मी मोबाईल सुरू केला. बॅटरी लागली, हाताच्या आड झाकलेली. माणूस वाकला, बॅटरी दातांत धरून दोन्ही हात पाण्यात घातले. मी ओरडलो. वस्तीवरचे दहा-बाराजण काठ्या घेऊन पळत आले.

काका पळाले नाहीत. ओल्या हातांनी उभे होते. म्हणाले, “अमृतभाऊ, मासा सोडत हुतो.”

मी सगळ्यांदेखत म्हणालो, “म्हातारे लोक मासे धरायला येतात, काका. सोडायला न्हाई.”

लोक हसले. त्या हसण्यानं मी फुगलो. पोलीस आले, काकांना पहाटेपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. पिशवीत निघाले तीन चमचे आणि भाकरीचं फडकं. सोडून दिलं, काठी मात्र जमा केली. व्हिडिओ मी रात्रीच ग्रुपवर टाकला होता, त्याखाली लिहिलं, ‘सेटलमेंट झालेली दिसते.’ स्फोट झाला नाही, तो मी वेळेत ओरडलो म्हणून, असंही सांगत फिरलो.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गहिनीनाथच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. त्या व्हिडिओतला फोटो काढून पत्रक छापायचं होतं. त्यानं तो मोठ्या स्क्रीनवर घेतला, पुढं-मागं केला आणि चौदाव्या सेकंदाला थांबवला. काकांच्या बोटांमधून एक काळपट शेपटी बाहेर आलेली.

गहिनीनाथ म्हणाला, “अमृत, ही शेपूट हाय का रं?”

मला दिसली होती. त्याच्या आधी दिसली होती. मी म्हणालो, “सावली हाय. पुढं घे.”

त्यानं पुढं घेतलं. तोवर व्हिडिओ चाळीस ग्रुपांवर गेला होता आणि परगावचे लोक फोन करून मला वाघ म्हणत होते. पत्रक छापलं. पाचशे प्रती.

आठ-दहा दिवसांनी त्याच काठावर पहाटे दणका झाला. आधी तिथं कधीच झाला नव्हता. मी गेलो तेव्हा बोटाएवढे मासे पांढरी पोटं वर करून कडेला लागले होते, बगळेसुद्धा निवांत खात होते. सूर्यभान, जो परवान्यानं जाळं टाकतो, तो होडी ओढत आला. त्यानं मला सांगितलं की ही टोळी या अंगाला येत नव्हती, कारण इथं रात्रभर एक माणूस अंधारात उभा असायचा आणि तो नेमका कुठं उभा आहे ते त्यांना कळायचं नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “राखनदार तुमीच उठवला.”

मी त्याच्यावर चिडलो. होय, चिडलो. टोळीचा माणूस आहेस का, म्हणून विचारलं त्याला.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात माझा सत्कार झाला. शाल, नारळ. शेपटी मला माहीत होती आणि मी शाल खांद्यावर घेतली. त्या दिवसापर्यंत काकांकडं पंप येणं जवळपास थांबलं होतं. चर्चमध्ये ते पुढच्या बाकावर बसायचे, ते उठून शेवटच्या बाकावर दाराशी बसायला लागले होते. कुणी उठवलं नव्हतं त्यांना. हे मला दयाकाकूंनी सांगितलं, फेब्रुवारीत, ती शाल टोचायला लागली म्हणून मी त्यांच्या दारात गेलो तेव्हा.

रिकाम्या हातानं जायला लाज वाटत होती म्हणून ठाण्यात चार चकरा मारून काठी सोडवून नेली. शेंडा मोडलेला होता. काकांनी ती घेतली आणि तंगूस ओवायच्या एकेका कडीतून बोट फिरवून बघितलं, जसं पंपाचं बघतात. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. शेपटी दुसऱ्याच दिवशी बघितली होती, तरी गप्प बसलो. वाटलं शिव्या देतील. मला शिव्यांना उत्तर देता येतं.

ते म्हणाले, “तो गेला का सरळ?”

“कोण?” मी विचारलं.

“मासा. तुमी वरडलात तवा हातातनं निसटला. अजून दम आला नव्हता त्याला. उलटा झाला का सरळ गेला, मला दिसलं न्हाई. तुमच्या त्याच्यात दिसतंय का?”

साऱ्या तालुक्यानं बघितलेला व्हिडिओ त्यांनी बघितलेला नव्हता. मी मोबाईल पुढं केला. त्यांनी चष्मा पुसला. दयाकाकू मागून वाकल्या. चौदाव्या सेकंदाला शेपटी, पंधराव्याला एक वळसा, आणि पाणी मिटलं.

“गेला,” काका म्हणाले. मग चष्मा काढून, “हाक मारायची हुती, भाऊ. मी सांगितलं असतं.”

मी म्हणालो, आजच चला पाण्यावर, मी सोबत येतो, कोण काय म्हणतं बघतो. ते हसले नाहीत. म्हणाले, तुम्ही सोबत असलात तर लोक म्हणतील, पकडून नेलाय. आणि एकटा गेलो, वाकलो, की परत कुणीतरी मोबाईल काढील. दयाकाकूंनी चहा दिला. साखर चमच्यानं घातली आणि चमचा लगेच आत नेऊन ठेवला. सवयीनं.

काठीला त्यांनी आता नवा शेंडा बसवलाय. खुंटीवर आहे. फुगवट्याच्या त्या काठावर रात्री कुणी नसतं, आणि ज्यांना ते कळायला नको होतं, त्या टोळीला ते कळलेलं आहे.

मी एकट्यानं चूक कबूल केली तर ती चाळीस ग्रुपांपर्यंत पोचत नाही. खोटं तुमच्या बोटांनी पोचलं होतं, त्यात मी एकटा नव्हतो. म्हणून तुम्हाला मागतो. तो व्हिडिओ गुपचूप पुसू नका. ज्या ज्या ग्रुपवर पाठवला होतात तिथं तो पुन्हा पाठवा, चौदावा सेकंद बघायला सांगा, आणि खाली लिहा: हे प्रभुदास फिटर, छोटा मासा परत सोडतायत. खोटं लिहिणारा म्हणून माझंही नाव लिहा. आणि पाण्याच्या काठाला अंधारात ते कधी दिसले, तर मोबाईल खिशात ठेवून हाक मारा.