पत्रकातली हरवलेली चौकट

मागणीच नसलेलं पत्रक तुम्ही कधी वाटलंय का? मी वाटलंय. कोरेगावजवळच्या आमच्या वस्तीला आठवड्यातून एकदाच पाणी यायचं. मी मिरजेत खोलीवर बसून पत्रक लिहिलं, ‘एक दिवसाआड पाणी द्या’ ही मागणी ठळक चौकटीत टाकली आणि फाईल कोरेगावच्या छापखान्यात पाठवली.

छापून आलेली पत्रकं वस्तीत वाटताना शेजारची काकू म्हणाली, “अगं पोरी, पाणी न्हाई हे आमाला ठावं हाय. तू मागितलंस काय?”

चौकट गायब होती. छापखानेवाले म्हणाले, “आमच्याकडं त्या सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन हाय. त्यात तुमची चौकट दिसलीच न्हाई. मला काय सपान पडायचं व्हय?”

माझं डोकं फिरलं. हे सॉफ्टवेअरवाले दरवर्षी नवं व्हर्जन विकतात आणि जुन्यावाल्यांना आंधळं करून सोडतात! पण राग मला स्वतःचाही आला. माझे वडील पत्रक छापायचं असलं की छपाईचं मशीन सुरू होण्याआधी कच्ची प्रत उभ्यानं, मोठ्यानं वाचायचे. मी संगणकावर विसंबले.

शेवटी वस्तीतल्या बायकांनी आणि मी प्रत्येक पत्रकावर मागणी पेनानं लिहिली.

म्हणून सांगते, फाईलसोबत कुठंही जशीच्या तशी दिसणारी पीडीएफ पाठवा आणि छापण्याआधी कच्ची प्रत मागवून मोठ्यानं वाचा.