गाइडच्या घरची मेथी

“काढलं तुला, लेका! गोड बोलून काढलं!” शेजारचे दादा ओट्यावरून असे ओरडले, की मंठ्याला निघालेली एसटी अंबडच्या स्टँडवरच बंद पडली म्हणतात.

झालं होतं एवढंच. वडिलांचा खुबा मोडला म्हणून मी परदेशातली पीएचडी अर्ध्यात टाकून घरी आलो होतो, आणि तिथल्या गाइडबाईंचा निरोप आला होता, ‘हवं तितकं थांब, तुझी जागा मी सांभाळते.’

दादा कॉलेजात तासावर शिकवतात. संशय त्यांच्या अंगात असा मुरलाय, की लावलेलं कुलूप ओढून ओढून त्यांनी दाराची चौकट रस्त्यापर्यंत आणली आहे. पीएचडी त्यांचीही चालू आहे. मला कळायला लागल्यापासून ती चालूच आहे. दर रविवारी ते जालन्याला आपल्या गाइडसरांच्या घरी भाजी पोचवतात, आणि तिथं मेथी निवडलेलीच लागते.

“गाइड विचारपूस करून राह्यली म्हंजे डाव हाय,” मेथी खुडत ते म्हणाले. “तुझ्या जागी दुसरा बसवला असंल. इचारून तर बघ.”

माझी झोप उडाली. शेवटी बाईंना फोन लावून सरळ विचारलं, माझ्यासाठी एवढं का करता?

“माझं कामच आहे ते,” त्या म्हणाल्या.

मी धावत जाऊन दादांना सांगितलं. त्यांनी जुडीतलं एक पिवळं पान शोधून बाजूला टाकलं.

“काम तर आमच्या सरांचंबी तेच हाय.”