बाईंच्या कानातले रातकिडे

दुपारच्या एसटीनं माझा पुतण्या आला आणि दारातूनच म्हणाला, "काकी, आई गेली." सकाळच्या भाकऱ्या थापून झाल्यावर 'जरा आडवी होते' म्हणून ती ओसरीवर टेकली, ती उठलीच नाही... चेहऱ्यावर त्रासाची खूण नव्हती म्हणे. त्याच पावली आम्ही पुण्याहून निघालो. आता महिना उलटून गेला. रडू येतं, पण हौसाबाई आठवल्या की ते फार वेळ टिकत नाही. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणत असे.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मी लग्न होऊन पुण्याजवळच्या एका खेड्यात, चांद्याला गेले. शहरातली मुलगी, चूलसुद्धा धड पेटवता येत नव्हती. बाईंनी मला चुलीपासून भातलावणीपर्यंत सगळं शिकवलं आणि माझ्या चुका सासूबाईंपर्यंत पोचू दिल्या नाहीत. त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांना हिवताप आला. कोयनेलच्या कडू गोळ्यांनी ताप हटला, पण कानात आवाज राहिला. तांदूळ निवडता निवडता एका दुपारी त्या थांबल्या.

"कमल, तुला रातकिडं ऐकू येत्यात का गं?"

"भर दुपारी कसले रातकिडे, बाई?"

"न्हाई व्हय..." म्हणत त्यांनी पुन्हा सुपात मान घातली.

त्यांची भीती मला पुढं कळली. त्यांच्या माहेरी एक चुलती होती. कुणी नसताना तिला हाका ऐकू यायच्या आणि शेवटी घरच्यांनी तिला खोलीत कोंडून ठेवलं होतं. आपलंही तसंच होणार, असं बाईंनी धरून ठेवलं होतं. आपल्या तान्ह्या मुलालाही त्या अंगावर पाजण्यापुरतंच जवळ घेत. "ह्याला माझं काय लागाया नको," म्हणत. सासूबाईंनी अंगारा लावला, वैद्यानं लसणाचं कोमट तेल कानात सोडलं, शेजारणीनं ओव्याची धुरी दिली. बाई सगळं मुकाट्यानं करून घेत. रातकिडे मात्र हलले नाहीत.

दळायला बसलं की जात्याच्या घरघरीत तो आवाज बुडतो, हे त्यांनीच शोधून काढलं. मग त्या आमचं दळण संपवून शेजारपाजारचंही ओढायला लागल्या. हाताला फोड आले तरी उठायच्या नाहीत. अशात गावात डिझेल इंजिनाची गिरणी आली. बायकांनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं. बाईंचा चेहरा मात्र उतरला, कारण आता शेजारणी दळण देईनात. मग त्या गिरणीतच जाऊन बसू लागल्या. तिथं सुख वाटे, पण घरी आल्यावर आवाज दुप्पट होई. गिरणीत दळण न घेता बसणारी बाई... गावात कुजबुज सुरू झाली आणि सासूबाई त्यांना माहेरी धाडायची भाषा करू लागल्या.

तेव्हा मी पहिल्यांदा घरात तोंड उघडलं. थोरल्या भावजींना, म्हणजे बाईंच्या यजमानांना म्हटलं, "माहेरी धाडायच्या आधी पुण्याला कानाच्या डॉक्टरांना दाखवू." भावजी अतिशय अबोल. त्यांनी टोपी घातली आणि गाडी जुंपायला गेले.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी कान तपासले, कोयनेलचं विचारलं आणि सांगितलं, "अशा गोळ्यांनी कधी कधी होतं हे. आवाज बहुतेक जाणार नाही, पण त्यानं जिवाला धोकाही नाही. गिरणीसारख्या मोठ्या आवाजात बसू नका. अगदी सामसूम जागाही नको. कानावर काहीतरी हळू पडत राहू द्या, पाणी, माणसांचं बोलणं..."

बाईंनी पदर सावरत विचारलं, "आनि डोकं?"

"डोकं उत्तम आहे तुमचं."

"दुसऱ्या कुनाला आसतंय का हे?"

"पुष्कळांना. मलासुद्धा आहे थोडं."

दवाखान्याच्या पायरीवर बसून बाई आधी रडल्या, मग हसल्या आणि मग मूल माझ्या हातातून ओढून घेऊन त्याचे मुके घेत सुटल्या. भावजी दुसरीकडे बघत उभे होते.

परत गेल्यावर भावजींनी कुणाला न सांगता ओढ्याचा पाट घरामागून वळवला आणि बाई निजायच्या त्या भिंतीमागं एका दगडी डोणीत पाण्याची धार पाडली. होळीपर्यंत ती धार चाले. पुढं ओढा आटला की भावजींना बोलावं लागे! बैलांचं, बांधाचं, आपल्या लहानपणाचं. "उन्हाळा आला की आमचं मानूस बोलाया लागतंय," बाई मला डोळे मिचकावून सांगत. आवाज कधी गेला नाही. पण वर्षभरातच त्या दिवसदिवस तो विसरून जाऊ लागल्या, आणि चुकून आठवलाच तर म्हणत, "हायेत व्हय अजून? ऱ्हावा बापडे."

ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. कान वाजणारी माणसं त्यांच्याकडे येऊ लागली. बाई औषध देत नसत. चहा देत, ऐकून घेत, आणि फार घाबरलेल्याला डॉक्टरांकडे पाठवत.

तेराव्याला पंगत उठत होती, तेव्हा जवळच्या नेऱ्याहून एक तरुण सासुरवाशीण कान वाजतात म्हणून आली. तिला बाई गेल्याचं माहीत नव्हतं. कळल्यावर ती दारातच घुटमळली. "मग जाते मी," म्हणाली. मी काही बोलणार, इतक्यात भावजी उठले. त्यांनी घोंगडी झटकून पसरली.

"ये पोरी, बस हितं," ते म्हणाले. "कंदीपासनं वाजतंय? सांग मला. मला लई म्हाईत हाय त्यातलं."

ती सांगत राहिली. मी आत चहा ठेवायला गेले, आणि मागून भावजींचं बोलणं ऐकू येत होतं... सावकाश, न थांबता.