सासरवाडीला न बसता

सायकलच्या त्या शर्यतीत तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती कशाची होती, असं कुणी विचारलं तर मी चढाचं नाव घेत नाही, खडीचंही घेत नाही. मी गोरेगाव म्हणतो. हे आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं गोरेगाव, माझी सासरवाडी, आणि शर्यतीचा रस्ता नेमका तिथल्या बाजाराच्या गल्लीतून काढलेला होता.

शर्यत काय होती ते आधी सांगतो, कारण आमच्या कुरुंद्यात बऱ्याच जणांना मी ते शेवटपर्यंत समजावू शकलो नाही. हिंगोलीहून पहाटे निघायचं, डांबरी रस्ता होईल तेवढा टाळून पाणंदी, कॅनॉलचे काठ आणि मुरमाड टेकड्या धरून जिल्हाभर फिरायचं, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत परत हिंगोली गाठायची. मध्ये सिद्धेश्वरला धरणाजवळ झोपायची सोय. जे वेळेत पोहोचतील त्या सगळ्यांना सारखंच पदक. नियम मोजके होते, पण एक कडक होता. वाटेत घरच्यांनी आपल्या माणसाला काही द्यायचं नाही. द्यायचंच असेल तर जे एकाला ते सगळ्यांना. दुकानातून काय विकत घ्याल ते घ्या.

मी पन्नाशीला टेकलेला माणूस. जळालेल्या पाणबुडी मोटारी भरून द्यायचं माझं दुकान आहे. जळकी तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, सगळं काम स्टुलावर बसून. बसून बसून पोट सुटलं, आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दुकानाचं शटर उचलताना छातीत कळ आली. नांदेडला नेलं, रक्तवाहिन्यांत दोन स्प्रिंगा टाकल्या, मी वाचलो. डॉक्टरांमुळे वाचलो, आणि अर्ध्या कपड्यांत धावत येऊन गाडी काढणाऱ्या शेजाऱ्यामुळे वाचलो, हे मी कधी विसरत नाही.

पण त्या दिवसापासून मी काचेचं भांडं झालो. बायको मला जिना चढताना खालून बघत उभी राहायची. दोस्त मंडळी माझ्यासमोर हळू आवाजात बोलायची, जणू मी शेजारच्या खोलीत झोपलेलो आहे. लग्नात म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आधी खुर्ची मला मिळायची. मला त्या खुर्चीची चीड यायला लागली. माणसं प्रेमानंच करत होती, म्हणून ओरडताही येत नव्हतं, आणि ओरडलो असतो तरी ‘बीपी वाढेल’ म्हणून पाणी आणून दिलं असतं.

सगळ्यात वरचा नंबर सासूबाईंचा. माझे सासरे हरभऱ्याच्या शेतात छातीत कळ येऊन गेले. जवळ कुणी नव्हतं. त्यामुळे माझ्या छातीचं ऐकल्यापासून या बाईनं धसकाच घेतला होता. मी गोरेगावला गेलो की दारातच बाज टाकलेली असायची, उशी असायची, आणि मी पडलेलो असेपर्यंत घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. जावयाची बडदास्त सगळीकडेच ठेवतात, तिच्यात मला लाज नव्हती. पण बडदास्त वेगळी आणि आजाऱ्याची राखण वेगळी, हे पडून राहणाऱ्याला बरोबर कळतं.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालायला लागलो तर दर दहा पावलांवर गिऱ्हाईक थांबवून मोटारीची चौकशी करायचं. म्हणून सायकल घेतली. वसमतच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी हौसेनं आणलेली गिअरची सायकल त्यांच्या गॅलरीत टॉवेल वाळवायच्या कामी येत होती, ती त्यांनी मला दिली. आधी गावच्या फाट्यापर्यंत, मग हळूहळू टेकड्यांपर्यंत. त्यातून पुढं या शर्यतीचं खूळ डोक्यात शिरलं. नांदेडच्या डॉक्टरांनी मला तपासणीच्या फिरत्या पट्ट्यावर पळवलं, कागद उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, जा, पण छातीत काही वाटलं तर त्याच जागी उतरायचं.

पदकाचं मला काही नव्हतं. मला माझ्या माणसांच्या नजरेतली ती राखण घालवायची होती. शर्यत वेळेत पुरी केली असती तर त्यांना मानावं लागलं असतं की हा माणूस धड आहे. आणि अर्ध्यातून कुणाच्या जीपमध्ये घालून आणलं असतं, तर ती खुर्ची जन्मभरासाठी माझ्या नावावर झाली असती.

बायकोला डॉक्टरांसमोर बसवून राजी केलं. माहेरी यातलं काही कळवायचं नाही, अशी तिला शपथ घातली. कारण सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी मला अडवून सायकल माळवदावर टाकली असती. आणि एवढं केलं नसतं तरी सासरवाडीवरून जाऊन जावई घरात टेकला नाही, हे आमच्याकडे चालत नाही. टेकला की चहा, चहा झाला की जेवण, जेवण झालं की बाज. एकदा त्या बाजेवर पाठ लागली की शर्यत संपली. म्हणून मी ठरवलं होतं की डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडावर दोन दिवसांची धूळ, मान खाली घालून गल्ली पार करायची. कोण ओळखतं?

पहिला दिवस मजेत गेला. पुण्याहून, नाशिकहून आलेली पोरं होती. त्यांच्या सायकली दोन बोटांनी उचलल्या जायच्या. ती निघाली ती वाटेत मला पुन्हा दिसलीच नाहीत. कुरुंद्याच्या शिवारात हळदीचा पाला कापणं चाललं होतं, आणि पाणंदीच्या मधोमध माझं एक गिऱ्हाईक हात आडवा करून उभं होतं. माझी मोटार कवा देता, गहू वाळून राहिला, असं त्याचं म्हणणं. मी एक पाय जमिनीवर टेकून त्याला समजावलं की तार आली आहे, सोमवारी देतो. त्यानं मग मी काहून पळून राहिलो तेही विचारलं. ते समजावण्यात मी वेळ घालवला नाही. दिवेलागणीनंतर शेवटच्या घोळक्यात सिद्धेश्वरला पोहोचलो, तिथल्या खानावळीत धरणातला मासा खाल्ला आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे माझे नव्हते. त्यात सेनगावच्या अलीकडे टेकड्यांत बाभळीचा काटा शिरला. ट्यूब बदलली, थोडं पुढं गेलो तर मागच्या चाकात दुसरा. दुपार कलली तेव्हा माझ्या मागं कुणी उरलं नव्हतं. चढाला मी उतरून सायकल ढकलत होतो. छाती मात्र शांत होती. दर टेकडीवर मी तिचा अंदाज घ्यायचो आणि ती आपलं काम करत असायची. मी मनात हिशेब केला की गोरेगावात कुणी अडवलं नाही तर सूर्य असेपर्यंत हिंगोली होईल. अडवलं तर नाही.

गोरेगावच्या जीप स्टँडजवळ आलो आणि मान खाली घातली. स्टँडवरून कुणीतरी “रामराम पाव्हणं” म्हणालं. मग सगळा स्टँड म्हणाला. एका गावचा जावई पंचवीस वर्षं झाला की त्याला पाठीवरूनही ओळखतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुढं रस्त्याच्या मधोमध माझा मेव्हणा उभा होता, आणि त्याच्या मागं कडेला ताडपत्रीचा मांडव, तीन दगडांची चूल, पाण्याचं पिंप आणि सासूबाई.

झालं असं होतं की बायकोनं शपथ पाळली नव्हती. आईपासून हे लपवलं आणि काही बरंवाईट झालं तर तोंड कसं दाखवू, म्हणून तिनं आधीच सगळं सांगून टाकलं होतं, नियमासकट. जे एकाला ते सगळ्यांना. सासूबाईंनी त्या नियमाचा सरळ अर्थ घेतला होता. जावयाला करायचं तर सगळ्यांना जावयासारखं करायचं. त्यांनी शेजारणी गोळा केल्या, भाकऱ्या थापल्या, पिठल्याचं पातेलं चढवलं. सकाळपासून जो जो सायकलवाला आला त्याला मेव्हण्यानं रस्त्यात अडवून उतरवलं, पाय धुवायला गरम पाणी दिलं, कपाळाला कुंकू लावलं आणि ताटावर बसवलं. पुण्याच्या पोरांना वाटलं, ही शर्यतीचीच सोय आहे. त्यांनी दोन-दोन वेळा पिठलं मागून घेतलं.

हे सगळं मला मेव्हण्यानं सायकलचं हँडल धरून घाईघाईत सांगितलं. मी ऐकत होतो आणि पिठल्याचा वास घेत होतो. सकाळपासून पोटात बिस्किटांशिवाय काही नव्हतं. शपथ मोडल्याचा राग यायला हवा होता, पण त्या वासापुढं तो आला नाही. मला वाटलं, आता खरोखर संपलं. आता मी या मांडवात बसणार, जेवणार, आणि मला कुणी उठवू शकणार नाही. मी सायकलवरून पाय काढायला लागलो.

सासूबाई पुढं आल्या. हात पिठानं माखलेले, पदर खोचलेला.

“पाव्हणं, उतरू नका,” त्या म्हणाल्या. “बसलात की तुमी उठणार न्हाई.”

मी तसाच थांबलो. त्यांनी पातेल्याकडं हात केला. ते रिकामं होतं.

“भाकर बी न्हाई राहिली. तुमची येगळी काढून ठेवली होती. पर जे एकाला ते समद्याला म्हणतेत. येगळी ठेवली न् तुमाला बाद केलं तर? मंग ती बी तुमच्या आधी आलेल्या दोघांना वाढून टाकली. पाणी समद्यांना दिलं हाय, तेवढं घ्या.”

मी तांब्याभर पाणी प्यायलो. त्या माझ्या छातीकडं बघत होत्या. दोन वर्षं त्या माझ्याशी बोलताना तिथंच बघायच्या.

“काही तकलीफ हाय का?”

नाही, म्हणालो.

“बराबर सांगा.”

“न्हाई, मामी. गुडघे दुखून राहिले फक्त.”

त्यांनी बोटावर कुंकू घेतलं. कपाळ हेल्मेटमध्ये होतं, म्हणून ते अर्धं नाकावर आलं. “गुडघ्यानं कोनी मरत न्हाई,” त्या म्हणाल्या. “जावा.”

मेव्हण्यानं हँडल सोडलं. मी निघालो. मागं वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर जाता आलं नसतं.

गावाबाहेर आल्यावर मी रडलो. सरळ सांगतो, रडलो. पंचवीस वर्षांत त्या बाईनं मला कधी उंबऱ्यातून उपाशी जाऊ दिलं नव्हतं. आणि आज तिनं स्वतःच्या हातानं माझी भाकर दुसऱ्यांना वाढली, मला टेकूही दिलं नाही, आणि जिच्या नवऱ्याला शेतात एकट्याला मरण आलं तिनं मला त्याच उन्हात एकट्याला पुढं घातलं. तिला हे किती जड गेलं असेल ते मला ठाऊक होतं. मी किती जणांचा देणेकरी आहे, हे त्या रस्त्यावर जितकं कळलं तितकं नांदेडच्या पलंगावरही कळलं नव्हतं. शपथ मोडणाऱ्या बायकोचेही आभार मानले, मनातल्या मनात, कारण समोर मानले असते तर तिनं पुढं कुठलीच शपथ पाळली नसती.

हिंगोलीत शिरलो तेव्हा सूर्य टेकला होता, बुडाला नव्हता. आयोजकांची पोरं बॅनर सोडत होती. त्यांनी एका बाजूची दोरी पुन्हा बांधली, मला त्याखालून नेलं आणि पदक गळ्यात घातलं. बायको तिथं उभी होती. तिनं आधी माझ्या नाकावरचं कुंकू पाहिलं आणि आईनं जाऊ दिलं का, एवढंच विचारलं. मी मान डोलावली तशी तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. पुण्याच्या पोरांपैकी एकजण जवळ येऊन म्हणाला की काका, त्या गोरेगावच्या थांब्यावरचं जेवण चुकवलं नाहीत ना, तशी सोय आम्ही कुठंच पाहिली नाही. मी म्हणालो, चुकवलं.

पुढचे काही दिवस घरात फारसा फरक दिसला नाही. बायको जिन्याखाली उभी राहायची ती राहायचीच. मी म्हटलं, असू दे, आपल्याकडून जेवढं होतं तेवढं झालं.

मग एका संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. बायकोनं सवयीनं माझ्या तब्येतीचं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी तिला मध्येच तोडलं. तिनं फोन स्पीकरवर टाकला. गोठ्यावरचे पत्रे वाऱ्यानं उचकटले होते, त्यांना ते दुरुस्त करून घ्यायचे होते.

“तुझा भाऊ एकलाच वर चढून राहिला. त्याला धरायला माणूस पायजे,” त्या म्हणाल्या. “रविवारी पाव्हण्याला पाठव.”

जावयाला आमच्याकडं कुणी गोठ्यावर चढवत नाही. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मग ती आईला हो म्हणाली, आणि आत जाऊन माझे जुने कपडे शोधायला लागली.